बारचेस्टर टॉवर्स संपली एकदाची, पण त्या आर्चडीकनने तीन आठवडे खाल्ले

काल रात्री अँथनी ट्रोलोपची बारचेस्टर टॉवर्स (१८५७) वाचून संपवली. शेवटची दोनशे पानं चार दिवसांत झाली, पहिल्या साठ पानांना मात्र तीन आठवडे लागले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. राग कादंबरीवर नाही, माझ्याकडच्या इंग्रजी-मराठी कोशावर. बिशप बघा तर धर्मगुरू, डीन बघा तर वरिष्ठ धर्मगुरू, आर्चडीकन परत धर्मगुरूच! अहो, पुस्तकातलं सगळं भांडणच कोण कुणाच्या वर यावरून आहे ना?

सुरुवातीलाच म्हातारा बिशप शेवटच्या घटका मोजतोय, उशाशी मुलगा, आर्चडीकन म्हणजे बिशपच्या हाताखालचा अधिकारी असलेला ग्रँटली, आणि सरकार पडायच्या आत वडील गेले तरच गादी आपल्याला हे त्याला कळतंय आणि तसं मनात आलं म्हणून स्वतःची लाजही वाटतेय. इतका जबरदस्त प्रसंग आणि मी अडकलो, की सरकार पडण्याचा बिशपशी संबंध काय? मग शोधून कळलं, त्या काळी इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशप नेमायची राणी पण नाव ठरवायचा पंतप्रधान. माझ्या आवृत्तीत याची एक साधी टीप नाही.

पुढे परत तेच. ग्रँटलीऐवजी आलेल्या नव्या बिशपचा चॅप्लेन, म्हणजे खासगी पाद्री, स्लोप कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, तिथल्याच गायनपद्धतीवर टीका करणारं प्रवचन देतो आणि बाकीचे ठरवतात, याला इथे पुन्हा बोलू द्यायचं नाही. बिशपच्या माणसाला बिशपच्याच कॅथेड्रलमध्ये बंदी? तर हो, कारण कॅथेड्रलचा कारभार तिथला प्रमुख डीन आणि त्याच्या चॅप्टरकडे, म्हणजे पाद्र्यांच्या मंडळाकडे, असतो. हे कळलं त्या दिवशी मला खरंच आनंद झाला, मागची पानं परत वाचली.

शेवटी वहीत तक्ता केला, पद काय, नेमणूक कुणाच्या हातात, पगार किती. तुम्हीही आधी हेच करा. हायरम्स हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नाही, गरीब म्हाताऱ्यांचा आश्रम आहे, त्याच्या वॉर्डनची म्हणजे प्रमुखाची जागा बिशप देणार, वर्षाला ४५० पौंड, म्हणून तर एकीकडे मिस्टर हार्डिंग आणि दुसरीकडे चौदा पोरांचा बाप क्विव्हरफुल. आणि बिशपच्या रकान्यात त्याच्या बायकोचं, मिसेस प्राउडीचंही नाव लिहा, घरात चालतं तिचंच.

हो, त्याआधी याच मालिकेतली पहिली, द वॉर्डन (१८५५) वाचा, छोटी आहे, हार्डिंग तिथेच भेटतो. आणि हार्डिंगची मुलगी एलिनॉर स्लोपशी लग्न करणार नाही हे लेखक मध्येच सांगून टाकतो, त्याने मजा कमी होत नाही, उलट मला हायसं वाटलं.

आता मालिकेतली पुढची, डॉक्टर थॉर्न आणलीये. वही जवळच ठेवलीये.