महादयी संपते तिथे: आग्वादचे भूशिर

आग्वादचा किल्ला पाहायला बेळगावहून पुष्कळ लोक जातात, परंतु तो ज्या भूशिरावर उभा आहे त्याच्याकडे लक्ष देणारे थोडे. आम्हा खानापूर तालुक्यातल्यांनी तरी ते द्यायला हवे, कारण भीमगडच्या जंगलात देगावजवळ उगम पावणारी आमची महादयी गोव्यात मांडवी होऊन याच भूशिराच्या दक्षिण पायथ्याशी समुद्राला मिळते.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा रस्ता आम्ही मुद्दाम धरला. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे सुमारे ३०० किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिसळते. याच तालुक्यातली महादयी मात्र पश्चिमेकडे वळून सुमारे ८० किलोमीटरांतच अरबी समुद्र गाठते. चोर्ल्याची वळणे उतरताना जमीन किती झपाट्याने खाली जाते ते पाहिले, की हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

साखळी, म्हापसा, कांदोळी करत आम्ही शिकेरीहून वर चढलो. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला मांडवीचे मुख आणि पूर्वेला नेरुलची खाडी, असा हा तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला सडा, म्हणजे खडकाळ पठार, आहे. माथा बराचसा सपाट, कडा एकदम तुटलेल्या. पायाखालचा दगड म्हणजे आपल्याकडच्या विहिरींत आणि घरांच्या भिंतींत दिसतो तोच जांभा: वरून काळपट, फुटला तिथे विटकरी तांबडा, बोटाचे पेर जाईल एवढ्या भोकांनी भरलेला. पावसाचे पाणी या भोकांतून मुरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या टोकावर गोडे पाणी मिळते ते यामुळेच. १६१२ मध्ये पुरा झालेल्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलनांचे टाके बांधले आणि लांबच्या सफरीवरची जहाजे इथे पाणी भरून घेऊ लागली. किल्ल्याची जागा तोफांइतकीच पाण्यानेही ठरवली, असे मला वाटते.

टाक्याजवळचा गोल, बुटका दीपस्तंभ १८६४ चा आहे. १९७६ पासून त्याचे काम जवळच्याच नव्या दीपस्तंभाकडे गेले. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असल्याने येथे दिव्याची गरज नेहमीच मोठी होती. नदीचा प्रवाह, भरती-ओहोटी आणि लाटा यांच्या ओढाताणीत ही वाळू इथे साचते; दर्यावर्दी तिला आग्वादचा बार म्हणतात आणि पावसाळ्यात तिथून जहाज नेणे फार धोक्याचे असते.

समोर दक्षिणेला काबोचे टोक दिसते, त्याच्या पलीकडे जुवारीचे मुख. या दोन्ही नद्यांची मुखे इतकी रुंद आहेत, याचे कारण समुद्राची पातळी वाढून नद्यांची जुनी खोरी पाण्याखाली गेली हे आहे. मांडवीत भरतीचा परिणाम आत सुमारे ५० किलोमीटर, गांजेपर्यंत, पोहोचतो. बरोबर आलेले जांबोटीचे मामा बराच वेळ मुखाकडे पाहत होते. ते म्हणाले, “पाणी आमच्या रानातलंच की हे. एवढं पसरतंय ते आज बघितलं.” महादयीच्या पाणीवाटपावर २०१८ मध्ये लवादाचा निवाडा आला, तेव्हापासून आपल्याकडे या नदीविषयी टीएमसीच्या (अब्ज घनफूट पाण्याच्या) आकड्यांतच बोलले जाते. तिच्या खाडीत उन्हाळ्यात खारे पाणी किती आत चढते हेही वरून येणाऱ्या गोड्या पाण्यावर ठरते, ही गोष्ट त्या बोलण्यात क्वचितच येते.

जाणार असाल तर पावसाळा सरल्यावर, ओहोटीची वेळ पाहून जा. भर मुखात, किनाऱ्यापासून दूर, लाटा रांगेने फुटताना दिसल्या की बार नेमका कुठे आहे ते सड्यावरूनच कळते.