हरिहर: पायऱ्या चढण्याआधी फॉर्म वाचा

नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाची चढाई फारशी अवघड नाही, अवघड आहे ती गर्दी. पायथ्याच्या निरगुडपाड्यातून निघालो की आधी शेतं, मग थोडं रान, मग डोंगराची उघडी सोंड. तिच्या टोकाला त्या कातळकोरीव पायऱ्या उभ्याच्या उभ्या ठाकलेल्या. दोन्ही बाजूंना हाताला धरायला खोबण्या आहेत. पावसात त्यांत पाणी साचतं आणि बोटं बुळबुळीत चिखलात रुततात. चढायला-उतरायला वाट एकच. पायथ्याच्या दुसऱ्या गावाकडून, हर्षेवाडीकडून आलात तरी शेवटी याच पायऱ्यांना लागता.

पैसे भरून एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर गेलेलो आम्ही मध्यावर अडकलो. वरून एक बॅच उतरत होती, खालून आमची चढत होती, आणि आमचा लीडर केव्हाच वर पोचून फोटो काढत होता. खाली रांग अडवायला कोणीच नाही. माझ्या पुढची मुलगी एका खोबणीत चार बोटं अडकवून तशीच उभी. वरून कोणाची तरी बाटली सुटली आणि आमच्या डोक्यांवरून टणटण करत गेली.

सकाळी त्र्यंबकेश्वर सोडल्यावर गाडीत एक फॉर्म फिरला होता : ‘काही बरेवाईट झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.’ सगळ्यांनी मांडीवर ठेवून सह्या ठोकल्या, अकरावीतल्या एका मुलानेसुद्धा. अठरा वर्षांखालच्याने केलेला करार कायद्याने मुळातच रद्दबातल, म्हणजे ती सही फक्त शाईची नासाडी.

मोठ्यांच्या सहीचा अर्थ एवढाच की डोंगरात पाय घसरतो हे तुम्हाला माहीत होतं. लीडर जागेवर नव्हता, दोर आणला नव्हता, बंदी असताना नेलं, असला निष्काळजीपणा त्या कागदाने धुतला जात नाही. निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू शकतं, शिक्षा 5 वर्षांपर्यंत. फौजदारी गुन्हा खासगी कागदावर माफ होत नाही. पैसे भरून गेला असाल तर तुम्ही ग्राहक आहात, भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत 2 वर्षांची, वकील लावलाच पाहिजे असं नाही. म्हणून पैसे भरल्याची पावती आणि ग्रुपवरचे मेसेज पुसू नका.

पण हे सगळं नंतरचं. पैसे पाठवण्याआधी विचारा : राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? विम्यात ट्रेकिंग येतं का? पॉलिसीची प्रत मागा, कारण बऱ्याच साध्या अपघात विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. पायऱ्यांच्या वर आणि खाली एकेक माणूस उभा करणार का? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. उत्तरादाखल नुसता हसरा इमोजी आला तर दुसरा ग्रुप बघा.

पावसाळ्यात वनखातं किंवा प्रशासन कधी कधी बंदी घालतं. आदल्या दिवशी चौकशी करा. मनाई आदेश मोडला तर गुन्हा तुमच्यावरही नोंदवला जाऊ शकतो, ‘आयोजक म्हणाला चालतं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

शनिवार-रविवार टाळा, पहाटे निघा. उतरताना तोंड कातळाकडे. खाऊची पिशवी हातात नको, माकडं ओढतात आणि तोल जातो. 112 आणि 108 लक्षात ठेवा, पण वर रेंज मिळेलच असं धरू नका. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघा.