तिकडच्या शाळा चांगल्या का हो?

साताऱ्याला गेलं की हा प्रश्न चुकत नाही. लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं, "जर्मनीतल्या शाळा आपल्यापेक्षा चांगल्या का हो?" तेव्हा बोलायची सोय नव्हती. आता सांगते.

जर्मनीची अशी एकच पद्धत नाहीच मुळी. सोळा राज्यं, प्रत्येकाचं शिक्षणखातं वेगळं. आम्ही राहतो बव्हेरियात, म्युनिकजवळच्या गावात, त्यामुळे माझं उत्तर तेवढ्यापुरतंच धरा.

सरकारी शाळेला फी नाही, युनिफॉर्म नाही. पहिलीतली पोरं पाठीवर दप्तर टाकून चालत एकटी शाळेत जातात. लेक प्राथमिक शाळेतच शाईच्या पेनानं लिहायला लागली, हे ऐकून माझे वडील इतके खूश झाले की गुणपत्रिका बघायचंच विसरले. चौथीत सायकलची परीक्षा असते. पोलीस येऊन शिकवतात: मागे बघायचं, हात दाखवायचा, मगच डावीकडे वळायचं. साताऱ्यात पोवई नाक्यावर हे कुणी केलं तर मागचा गाडीवाला काय म्हणेल ते सोडा.

पण त्याच चौथीत वाटण्या होतात. मूल दहा वर्षांचं असतं. मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र मिळतं, त्यात तीन विषय धरतात: जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक. इथे 1 सगळ्यात चांगला, 6 सगळ्यात वाईट. सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाचा सरळ रस्ता. 2.66 पर्यंत रेआलशूल, दहावीपर्यंतची. त्यापुढे मिटलशूल, कामधंद्याकडे नेणारी. विषय तीनच, त्यामुळे 2.33 आणि 2.66 मधलं अंतर म्हणजे एका विषयातला एक आकडा.

लेकीला गणितात 2, बाकी दोन्हीत 3. म्हणजे 2.66.

पालकभेटीत बाई म्हणाल्या, "तिला सगळं येतं. पण विचारल्याशिवाय ती बोलत नाही." वर्गात हात वर करून बोलण्याचेही गुण असतात इथे. मी ऐकतच राहिले. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, विचारलं तरच सांगावं, हे तिला मीच शिकवलं होतं, आणि तिची आजी त्याचंच गावभर कौतुक करत होती.

शिवाय शाळा दुपारी सुटते, कधी साडेअकराला, कधी एकला. पुढचा अभ्यास कोण घेणार? ज्या घरात आई मोकळी आहे आणि जर्मन तिची मातृभाषा आहे, तिथे प्रश्नच येत नाही. मी ऑफिसातून सहाला यायचे आणि लेकीचा निबंध तपासताना शब्दांच्या लिंगाच्या चुका तिच्याऐवजी मीच करायचे. 2001 साली पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आले तेव्हा हा देश हादरला होता. सरासरीच्या खाली गेल्याचं दुःख होतंच, पण मुलाचं यश घर किती ठरवतं, तेही तेव्हा आकड्यांत दिसलं. आमच्या चौथीत ते मला आकड्यांशिवाय दिसलं.

आता दुसरी बाजू. गेल्या हिवाळ्यात हीटिंग बंद पडलं. मिस्त्रीबरोबर सतरा वर्षांचा एक पोरगा आला होता. आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस कंपनीत काम, पहिल्या महिन्यापासून पगार, असं साडेतीन वर्षं. मिस्त्री त्याला पाइप कापून देत नव्हता, त्याच्याकडूनच कापून घेत होता, आणि चुकला की शांतपणे दुसरा पाइप देत होता. पुढे तो पोरगा माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा देऊ शकतो. देशाच्या पात्रता-चौकटीत ती पदवीच्याच पायरीवर आहे. हे मला खरंच आवडतं. माझा चुलतभाऊ आयटीआयला गेला, फिटर झाला, उत्तम कमावतो. पण घरात कुणी विचारलं की काकू अजून "कंपनीत आहे" एवढंच सांगतात. फिटर हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

आणि रेआलशूलनंतर दार बंद होत नाही. दहावीनंतर आणखी दोन-तीन वर्षांची शाळा करून उच्च शिक्षणाकडे जाता येतं. हे सगळं मला माहीत आहे, तोंडपाठ आहे.

तरी जूनमध्ये आत्याचा फोन आला, "मग कुठल्या शाळेत घातलंस गं तिला?" आणि मी म्हणाले, "हायस्कूलला."

लेक शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "आई, हायस्कूल म्हणजे कुठली?"