ग्रास कटरच्या इंजिनात अडकलेलं बेअरिंग: माझा अनुभव

"केस गेली, नवीन इंजिनच घ्या." दुकानदाराने क्रँककेस (इंजिनाचं बाहेरचं धातूचं कवच, ज्यात बेअरिंग बसतं) हातात घेऊन उजेडात धरलीसुद्धा नव्हती. बेअरिंग निघत नाही म्हणजे केस बाद, एवढाच त्याचा हिशोब. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय. कोकणात आंबा-काजूची बाग असणाऱ्या बऱ्याच जणांकडे गवत कापायचं असं 52 सीसीचं टू-स्ट्रोक मशीन असतं आणि पावसानंतर गवत कमरेला लागलेलं असताना ते बंद पडणं परवडत नाही.

माझ्या मशीनची खूण साधी होती. चालताना खरखर यायची आणि स्पार्क मध्येच जायचा. फ्लायव्हील (इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक) हाताने हलवलं तर लटलटत होतं आणि स्पार्क देणाऱ्या कॉइलला घासून तिथे चकाकी आली होती. म्हणजे फ्लायव्हीलकडचं बेअरिंग गेलेलं. इंजिन खोलण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बोल्ट निघाले, केसचे दोन भाग सुटले. मात्र बेअरिंगचा पिंजरा, म्हणजे गोळ्या जागेवर धरणारी पट्टी, तुटला होता. गोळ्या खाली सांडल्या, आतली रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती पोलादी कडी) क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर राहिली (ती दोन पायांच्या पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराने, सहज निघाली) आणि बाहेरची रेस केसमध्येच चिकटून बसली.

खरी अडचण इथे आहे. हे 6202 नंबरचं बेअरिंग, बाहेरचा व्यास 35 मिमी. ते आतल्या बाजूने एका पायरीवर बसतं आणि पायरीच्या पलीकडे ऑइल सील (दांड्याभोवतीची गळती अडवणारी रबरी कडी) असतं. सील काढून त्या बाजूने पाहिलं तर रेसची कड पायरीआड पूर्ण लपलेली. मागून ठोकायला जागाच नाही. पुढून आतून पकडणारा पुलर लावला, तर गोळ्या फिरतात ती खाच गोलसर आणि गुळगुळीत, पुलरची नखं ओढलं की सुटायची. छिन्नीचं नावही काढू नका. बेअरिंगचं पोलाद इतकं कडक असतं की छिन्नी घसरते, नाहीतर रेसचा टवका उडून डोळ्यात जातो. ग्राइंडरने रेस कापायची तर खालचं अ‍ॅल्युमिनियम कापलं जायची भीती.

मग उष्णता. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. 35 मिमीच्या भोकात तापमान 100 अंशांनी वाढलं तर अ‍ॅल्युमिनियम साधारण 0.08 मिमी फुगतं आणि पोलाद 0.04. एवढ्या फरकात चांगलं बेअरिंग आपसूक खाली पडतं. वापरात नसलेल्या ओटीजीत (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) केस तापवली, पाण्याचा थेंब चर्रकन उडायला लागल्यावर काढली आणि तोंड खाली करून लाकडावर आपटली. रेस हलली नाही. तापवणं, आपटणं पुन्हा पुन्हा केलं, तरी जागची हलेना. चाकूच्या टोकाने कडेला खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली. आमच्या दमट हवेत मशीन पावसाळाभर पडवीत होतं. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियमला असा पांढरा गंज चढतो आणि तोच रेसला धरून ठेवतो.

याच वेळी दुकानदाराचं वाक्य आठवून माझं डोकं फिरत होतं. रेस अडकली आहे याचा अर्थ तिची बैठक घट्ट आहे! केस बाद कधी ठरते? नवीन बेअरिंग नुसत्या बोटाने आत जाऊन गरगर फिरायला लागलं तर. माझ्या केसचं नेमकं उलट होतं.

शेवटी वेल्डिंगवाल्याकडे गेलो. "भाऊ, फक्त रेसच्या आतल्या अंगाला टाका, पायरीला लागू देऊ नका," म्हटलं. तो म्हणाला, "काका, आधीच सांगतो, अ‍ॅल्युमिनियम वितळलं तर माझ्यावर नको." मशीन केलेल्या सगळ्या कडा ओल्या सुती फडक्याने झाकल्या, अर्थिंगचा चिमटा त्याच अर्ध्या केसवर लावला. 2.5 मिमीचा रॉड आणि करंट कमी. समोरासमोर छोटे टाके मारले, मध्ये थांबून. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि रेसला आतल्या बाजूला ओढून घेतो. पाच मिनिटं तसंच ठेवून केस उलटी केली, हलकेच ठोकली आणि रेस टण्णकन जमिनीवर पडली. मला इतका आनंद झाला की वेल्डिंगवाल्यालाही हसू आलं.

बसवणं सोपं. बैठक बारीक एमरीने फक्त भुकटी निघेल इतकीच पुसा, घासून मोठी करू नका. नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, केस गरम, आणि ते स्वतःच्या वजनाने आत जातं. ठोकावंच लागलं तर केसमध्ये बसवताना बाहेरच्या रेसवर, क्रँकवर बसवताना आतल्या. दुकानात नुसतं 6202 मागू नका, सी-3 मागा, म्हणजे आत थोडी जास्त ढील असलेलं; गरम इंजिनाला ती जास्तीची ढील लागते. रबरी सीलवालं दिलं तर परत करा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमधलं ऑइलच बेअरिंगला वंगण देतं, म्हणून बेअरिंग उघडं हवं. ऑइल सील दोन्ही बाजूंची नवीन घाला, जुनं वाचवून काही मिळत नाही. फ्लायव्हील आणि कॉइल यांच्यात साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: पेट्रोलने धुतलेली केस पूर्ण वाळल्याशिवाय उष्णतेजवळ नेऊ नका. आणि तापवण्याआधी केस कुठेतरी खरवडून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. काही चेन सॉ आणि हलक्या मशीनच्या केस मॅग्नेशियमच्या असतात. माझी अ‍ॅल्युमिनियमची होती, थेंब शांत राहिला. तुमच्याकडे बुडबुडे आले तर गॅसची टॉर्च आणि वेल्डिंग दोन्ही विसरा. मॅग्नेशियम पेटलं तर पाणी ओतल्यावर आणखी भडकतं.