आपले कोण?

परवा दुपारी टीव्हीवर कर्लिंग लागलं होतं. एक बाई बर्फावरून ग्रॅनाइटचा दगड सोडते, दोघीजणी त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने बर्फ घासत धावतात आणि पलीकडच्या टोकाला उभी राहून चौथी ओरडत असते. त्या दोन्ही देशांशी माझा काडीचा संबंध नाही. खेळाचे नियमही ठाऊक नव्हते. तरी थोड्या वेळाने मी सोफ्याच्या कडेला येऊन लाल जर्सीवालीला "अगं घास, घास!" म्हणून सांगत होते.

लहानपणी घरात मॅच लागली की डुलक्या घेणारे आजोबा मध्येच डोळे उघडून विचारायचे, "आपले कोण?" दोन्ही संघ सातासमुद्रापलीकडचे असले तरी प्रश्न हाच. "निळे," असं कुणीतरी ठोकून द्यायचं. मग आजोबा चश्मा चढवायचे, सावरून बसायचे आणि शेवटपर्यंत निळ्यांवर अन्याय करणाऱ्या पंचाचा उद्धार करायचे. एकदा भावाने मुद्दाम अर्ध्यात रंग बदलून सांगितला. आजोबा एवढंच म्हणाले, "मग मघाशी मला टाळ्या कशाला वाजवू दिल्यात?"

त्यांचं बरं होतं, एकदा रंग कळला की झालं. मला हरणारा आपला वाटतो, आणि मोठ्या सामन्यात हरणारा सारखा बदलत असतो. 2022च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलला मी बसले होते मेस्सीसाठी. अर्जेंटिना 2-0 पुढे, सामना संपत आलेला, आणि मला फ्रान्सची कणव यायला लागली. तेवढ्यात फ्रान्सच्या एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल मारले. कणव तत्काळ मागे घेतली. जादा वेळेत मेस्सीचा गोल, पुन्हा एम्बापे, 3-3. मग अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझसमोर एकटा, आणि मार्टिनेझने फाकवलेला तो डावा पाय! त्या क्षणी मी किंचाळले खरी. कुणासाठी, ते विचारू नका.

हायलाइट्समध्ये ही गंमत नाही. निकाल माहीत असला की तोच पाय नुसता छान दिसतो, पोटात गोळा येत नाही.

टोकियो ऑलिंपिकच्या उंच उडीने मात्र माझी पंचाईत केली. कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी, दोघांचीही 2.37 मीटर, 2.39ला दोघांचेही तिन्ही प्रयत्न फसले. बार्शिमने विचारलं, दोघांना सुवर्ण मिळेल का? मिळेल म्हटल्यावर ताम्बेरीने त्याच्या अंगावर उडीच घेतली. दुखापतीने ताम्बेरीचं 2016चं ऑलिंपिक हुकलं होतं. तेव्हाचं पायाचं प्लास्टर तो मैदानात घेऊन आला होता. सगळे रडले, मीही रडले. पण हरलं कोण?

शोधलं तेव्हा सापडला बेलारूसचा नेदासेकाऊ. त्यानेही 2.37च पार केली होती, पण आधीच्या फसलेल्या उडीमुळे त्याला कांस्य. हा आपला, असं मी ठरवून टाकलं. तोवर स्पर्धा संपलीसुद्धा होती.