तुम्ही विचारलंत म्हणून: कबुतरांसाठी गच्चीवर काय लावू?

ढाबळ, म्हणजे आमचं कबुतरांचं घर, बघायला येणारी माणसं आधी पंख्यासारख्या शेपटीचे लक्के बघतात, मग उंच उडवायचे गिरेबाज बघतात आणि जिना उतरताना हटकून विचारतात, "वहिनी, आम्ही पण दोन-चार जोड्या पाळल्यात. कुंड्या रिकाम्या पडल्यात. त्यांना खायला काय लावू?" पक्षी आमच्या दिरांचे आणि कुंड्या माझ्या, त्यामुळे उत्तर द्यायचं माझ्याकडे येतं. ते जिन्यात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा दाणा असतो. गच्चीवर ज्वारी लावावी, बाजरीची चार कणसं यावीत, कबुतरांनी ती टिपावीत. चित्र छान आहे, पण हिशेब मांडून बघा. एक कबूतर दिवसाला साधारण 30 ते 40 ग्रॅम दाणा खातं. वीस पक्षी असतील तर रोजचा सहाशे ते आठशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला वीस किलोच्या आसपास. आता ज्वारीचं उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटल धरलं तर चौरस मीटरला 100 ग्रॅम पडतात. वीस चौरस मीटर गच्ची पूर्ण मातीने भरली, चार महिने पाणी घातलं, तर हातात येणार दोन किलो. ढाबळीला तीन दिवस पुरतील. शिवाय ज्वारीचं कोवळं ताट जनावरांनी खाल्लं तर विषबाधा होते हे शेतकऱ्याच्या घरात पोरांनाही ठाऊक असतं, तेव्हा ज्वारीचा कोवळा पाला पक्ष्यांपुढे टाकायचा प्रश्नच येत नाही. दाणा बाजारातूनच आणायचा. ज्वारी, बाजरी, मका, गहू, मसूर, वाटाणा, थंडीत थोडी करडई हे सगळं कोल्हापुरात पोत्याने मिळतं आणि आपण पिकवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

बाजारात मिळत नाही तो पाला. म्हणजे मिळतो, पण त्याच्यावर कालच काय फवारलंय ते विकणारीलाही माहीत नसतं. आपण भाजी धुतो, शिजवतो, आणि आपलं वजन पन्नास-साठ किलो. कबूतर साडेतीनशे ग्रॅमचं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कुंड्या पाल्यासाठी ठेवा.

पाला हवा कशाला, असं जुने कबुतरवाले विचारतात. त्यांचे वाडवडील नुसत्या दाण्यावर पक्षी पाळत होते हे खरं. पण ते पक्षी दिवसभर बाहेर असायचे, शेतात उतरायचे, हवं ते टिपायचे. आजची बरीचशी ढाबळ जाळीच्या आत असते. दाण्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी. पिवळा मका सोडला तर अ जीवनसत्त्वासाठी लागणारं कॅरोटीनही दाण्यात जवळजवळ नसतं. हिरव्या पानात दोन्ही असतं. क जीवनसत्त्वाची चिंता नको, ते कबूतर स्वतःच्या अंगात तयार करतं. मादी अंड्यावर येते तेव्हा कॅल्शियम कमी पडलं तर कवच पातळ येतं, कधी अंडं आत अडकतं आणि मादी दगावते. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा वर्षभर ठेवायचाच, पाल्याने तो चुकत नाही. पण पाल्याची भर पडली की फरक दिसतो.

पहिला नंबर शेवग्याचा. पालेभाजीत कॅल्शियमच्या बाबतीत शेवग्याच्या पानाचा हात धरणारं फार थोडं आहे, आणि झाड असं निबर की पावसाळ्यातही टिकतं आणि मेच्या उन्हातही. पीकेएम-1 ही तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची जात बियांपासून येते आणि लवकर वाढते. मोठ्या कुंडीत किंवा अर्ध्या पिंपात एक बी टोचा, झाड कमरेएवढं झालं की शेंडा खुडा, पुन्हा फुटवे आले की त्यांचेही शेंडे खुडा. शेंगांचा मोह धरू नका, गच्चीवरचं झाड उंच गेलं की वाऱ्याने मोडतं. पानं बारीक आणि मऊ असल्यामुळे कबुतराला ती चिरून द्यावी लागत नाहीत. आणखी एक गंमत आहे. पानं संपल्यावर देठाच्या बारीक काड्या उरतात, त्या फेकू नका. दोन दिवस वाळवून ढाबळीत कोपऱ्यात ठेवा. नर त्यातली एकेक काडी चोचीत धरून मादीकडे नेतो, मादी बसल्या जागेवर ती अंगाखाली सरकवते. घरट्याला तुराट्यांचे तुकडे आणि कडुलिंबाच्या काड्या लोक वापरतातच, त्यात या शेवग्याच्याही चालतात.

दुसरी मेथी, पण जुडीतली मोठी नव्हे. मुंबईकडे वाळूत वाढवलेली बोटभर समुद्रमेथी मिळते ना, तशी. किराणा दुकानातले मेथीदाणे रात्रभर भिजवायचे, उथळ ट्रेमध्ये निम्मी माती निम्मी वाळू घालून दाट पसरायचे, वरून हलका थर. आठ-दहा दिवसांत दोन पानांची कोवळी मेथी तयार. दर आठवड्याला एक ट्रे पेरला की एक संपता संपता दुसरा हाताशी येतो. हळीव याच्याही आधी येतो. मोहरी, धने हेही असेच. धने मात्र चुरडून दोन फाकळ्या करून पेरा. गव्हांकुर करायला सोपे, पण उकाड्यात मुळाशी बुरशी धरते. वास आला की ट्रे सरळ रिकामा करायचा, वरचा हिरवा भाग कापून देऊ म्हणायचं नाही.

दाणे किराणा दुकानातले, हे मी मुद्दाम लिहिलंय. बी-बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी, लाल, निळ्या रंगाचं बी म्हणजे बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं बी. बीजप्रक्रियेसाठी ते योग्यच आहे, पण पेरून उरलेली मूठभर बाजरी कबुतरांना टाकली तर त्यांचा जीव जाऊ शकतो. कुंडीतलं असं बी पाखरांनी उकरून खाल्लं तरी तेच. तसंच दाणेदार खताचं. कबूतर दाणा न फोडता गिळतं आणि तो दळायला पोटात खडे लागतात, म्हणून ते खडे शोधत फिरतं. युरियाचा पांढरा दाणा त्याला खड्यासारखाच दिसतो. दाणेदार कीटकनाशकाबद्दल तर बोलायलाच नको. ज्या गच्चीवर कबुतरं उतरतात तिथे यातलं काहीही नको. गोगलगायी पावसात फार होतात, त्या रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचायच्या.

पालक, माठ, राजगिरा, चाकवत या भाज्या कबुतरं आवडीने खातात, पण त्यांत ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. अधूनमधून चालतील, मादी अंड्यावर असताना नकोत. घोळीलाही तोच नियम, फक्त ती लावावी लागत नाही, ओली माती दिसली की आपली आपण येते. मुळ्याचा पाला, नवलकोलाची पानं, हरभऱ्याचे शेंडे, वाटाण्याचे वेल हे थंडीत भरपूर द्या. वाटाण्याच्या कोवळ्या वेलावर आमची कबुतरं तुटून पडतात. करडई हे कुंडीतलं दुहेरी पीक आहे: कोवळेपणी पानं उपटून द्यायची, आणि दोन-चार झाडं ठेवली तर पुढे काटे येतात, फुलतात, बीही धरतं.

आता खरी अडचण. पाला वाढवणं सोपं, कबुतराने तो खाणं अवघड. पोपट पायात धरून खातो, कबुतराला ते जमत नाही. ते पान चोचीत पकडतं आणि मान झटकतं. पान सुटं असेल तर ते उडून लांब पडतं. दोन-तीनदा झटकून कंटाळलं की ते पानाकडे ढुंकून बघत नाही, आणि मालक म्हणतो, आमच्या कबुतरांना हिरवं आवडत नाही. पान कुठेतरी घट्ट अडकलेलं हवं, म्हणजे झटक्यासरशी तुकडा तुटून चोचीत येतो. मी कपडे वाळत घालायच्या चिमट्याने जुडी जाळीला लावते, कबुतराच्या छातीच्या उंचीवर. दोऱ्याने बांधू नका. दोरा पायाच्या बोटांना गुंडाळला गेला की आवळत जातो आणि बोट झडतं. रस्त्यावरच्या पारव्यांचे थोटे पाय बघितले असतील, त्यातले पुष्कळ दोऱ्या-केसांनीच झालेले असतात.

याहून सोय हवी असेल तर मेथीचा ट्रेच ढाबळीत ठेवायचा आणि त्यावर दोन बोटं उंचीवर लोखंडी जाळीची चौकट बसवायची. पानं जाळीतून वर येतात, पक्षी शेंडे खातात, मूळ आणि माती सुरक्षित राहते. दोन दिवस ट्रे आत, मग बाहेर उन्हात. जाळी नसेल तर अर्ध्या तासात तिथे मेथीच्या जागी कबूतर बसलेलं असतं, शेपटी पसरून, आपल्याच मालकीची जागा असल्यासारखं.

पहिल्यांदा देताना सकाळी, दाण्याच्या आधी द्या. पोट भरलेलं कबूतर नवीन वस्तूला तोंड लावत नाही. पाला अगदी बारीक चिरून त्यात थोडी बाजरी मिसळली की दाणा टिपताना पानही चोचीत जातं. ढाबळीत एखादी धीट मादी असते, तिने सुरुवात केली की बाकीचे तिच्याकडे बघून शिकतात. किती द्यायचं? आठवड्यातून दोन-तीनदा, पक्ष्यामागे चिमूटभर. जेवण दाण्याचंच. पाल्यानंतर विष्ठा जरा पातळ होते, त्याने घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली आणि पक्षी अंग फुगवून बसला तर कारण पाला नाही, डॉक्टरांना दाखवा. उरलेला पाला संध्याकाळी उचलायचाच.

उडवायच्या पक्ष्यांबद्दल घरात एकमत नाही. दिरांच्या मते स्पर्धेच्या दिवसांत गिरेबाजाला हिरवं दिलं की तो जड होतो आणि लवकर खाली बसतो. आदल्या दिवशी देऊ नये इतपत मला पटतं. अख्खा मोसम बंद ठेवणं पटत नाही. त्यांचे पक्षी, त्यांचा शब्द, पण पिलांच्या बाजूचा चिमटा माझा.

काय लावू नये तेही सांगते. कण्हेर, अॅडेनियम, धोत्रा, घाणेरी, एरंड, सदाफुली, डिफेनबॅकिया, मनी प्लांट ही झाडं ढाबळीच्या जवळ नकोत. कच्चं अळूही नको. मोकळं कबूतर अशा झाडाच्या वाटेला सहसा जात नाही, कोंडलेलं कंटाळून काहीही टोचतं. टोमॅटो लावायला हरकत नाही, पण त्याचा पाला द्यायचा नाही.

"खत तर फुकटच मिळत असेल तुम्हाला," असंही लोक म्हणतात. मिळतं, पण ताजी विष्ठा फार तीव्र असते, मुळं जळतात. शिवाय तिच्यातून जंतांची अंडी आणि रोगजंतू पाल्यावर आणि पाल्यातून पुन्हा पक्ष्यांच्या पोटात जातात. वाळलेल्या पानांबरोबर काही महिने नीट कुजवल्याशिवाय मी ती वापरत नाही, आणि पालेभाजीच्या ट्रेला तर कुजवलेलीही घालत नाही, ती शेवग्याला जाते. ढाबळ झाडताना आधी पाणी शिंपडायचं आणि मास्क लावायचा. विष्ठेच्या धुळीने फुप्फुसं बिघडतात, ही अफवा नाही. मुंबईतले 51 कबुतरखाने बंद करायचं 2025 साली ठरलं, त्यावरून भांडणं झाली, ती मला दोन्ही बाजूंनी समजतात. पण ही सगळी बाग पाळलेल्या पक्ष्यांसाठी आहे. गच्चीवर येणाऱ्या पारव्यांना हिरवं घालून बोलावू नका, ते आपल्या पक्ष्यांना रोग देऊन जातात. ट्रेवर जाळी हवी ती त्यांच्यासाठीही.

आणि ज्यांच्याकडे गच्चीच नाही, एकच खिडकी आणि एकच जोडी आहे, त्यांनी शेवग्याच्या नादी लागू नये. खिडकीत चार तास ऊन येत असेल तर मिठाईच्या रिकाम्या प्लास्टिक डब्याला खालून भोकं पाडा आणि दहा रुपयांचे मेथीदाणे आणा. पावसाळ्यात मेथी कुजते, तेव्हा हळीव लावा, तो चार दिवसांत वर येतो.