मिरचीचा बोकड्या: पान खाली वळतंय, वर नाही!

मंडळी, माझ्या मिरचीची पानं आवळणारा चोर सापडला. फुलकिडा (रस शोषणारा बारीक कीटक) नव्हताच तो!

आगराच्या कडेची मिरचीची चाळीस रोपं आठवत असतील: वीस कोंकण कीर्ती, बारा ज्वाला, आठ घरची लवंगी. नाताळात ज्वालाचे शेंडे आवळायला लागले. आई म्हणाली, "बोकड्या आला," म्हणजे पानं आवळण्याचा रोग. मी फुलकिडेच धरून चाललो. निळे चिकट सापळे टांगले, निंबोळी अर्क झाला, निमतेल झालं. शेवटी दुकानदाराने "सगळ्यावर चालतं" म्हणून दिलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशकही मारलं. तरी शेंडे आणखीच गोळा झाले.

खटकलं ते सापळ्यांमुळे. एका सापळ्यावर जेमतेम चार-पाच फुलकिडे. एवढ्यांनी अख्खी ज्वाला आवळेल? मग पानं नीट बघितली. फुलकिड्याने पानाच्या कडा वर वळतात, होडीसारख्या. माझी पानं उपड्या होडीसारखी खाली वळलेली, देठ लांबलेले, खालची बाजू तांबूस नि कडक. वीसपटीचं भिंग लावलं तर शिरेच्या कडेला पिवळसर, काचेसारखे ठिपके सरकत होते. शेजारी लांबट अंडी, त्यांवर पांढऱ्या टिकल्यांच्या रांगा. पिवळा कोळी! आठ पायांचा, म्हणजे कीटकच नव्हे, आणि इमिडाक्लोप्रिड त्याच्यावर चालतच नाही. "सगळ्यावर चालतं" अशी बाटली मी यापुढे घरात आणणार नाही.

उपाय गंधक. पण निमतेल मारून चारच दिवस झाले होते, आणि तेलापाठोपाठ गंधक पडलं तर पानं करपतात. दोन आठवडे थांबलो. फार जड गेलं. रोज सकाळी दव सुकल्यावर आवळलेले शेंडे खुडायचे, पिशवीत बांधायचे, चुलीत टाकायचे. मग ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक, १० लिटरला २५ ग्रॅम, उन्हं उतरल्यावर. फवारा पानाच्या खालून बसला पाहिजे. त्यासाठी महागड्या बॅटरी पंपापेक्षा माझा जुना हातपंप बरा, त्याची नोझल वर वळवता येते. दहा दिवसांनी दुसरा हात दिला.

काल सकाळी सातव्या ज्वालाला नवं पान दिसलं. अंगठ्याच्या नखाएवढं, सपाट, तुकतुकीत. आईला हाक मारून दाखवलं. आज तसलीच आणखी तीन रोपं आहेत.

सगळ्यात वाईट पाच रोपं उपटून तिथे नवी लावायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता ध्यानात आलं, ती पाचही पपईच्या बाजूची आहेत. हा कोळी पपईवरही राहतो, आणि पांढऱ्या माशीच्या पायांना धरून झाडावरून झाडावर जातो. मग तिथे नवी रोपं लावून त्यांच्याही वाट्याला तेच यायचं. आता उपटणं रद्द. उद्या आधी पपईचा कोवळा शेंडा भिंगाखाली घेतो, आणि निळे काढून त्या बाजूला पांढऱ्या माशीसाठी पिवळे सापळे टांगतो. तुमच्यापैकी कोणाची पपई मिरचीजवळ असेल तर तिचाही शेंडा बघा नि कळवा.